परवा फोटो काढायचाय, चेहऱ्याला काय लावू?

(आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलले तसंच ठेवलंय, फक्त मधला खोकला आणि बाहेरच्या रिक्षांचे हॉर्न काढून टाकलेत.)

हेडफोन लावलेत ना? लावा, कारण आज मधे-मधे थोडं घरातल्यांनी ऐकू नये असंही बोलणार आहे.

मला व्हॉट्सॲपवर सगळ्यात जास्त येणारा मेसेज म्हणजे, "ताई, परवा फोटो काढायचाय, चेहऱ्याला काय लावू?" दिवाळी झाली, तुळशीचं लग्न जवळ आलं की दिवसाला चार-पाच येतात, कारण घरोघरी बायोडाटे तयार व्हायला लागतात. भरतीची जाहिरात निघाली की परत येतात. आणि माझं उत्तर दर वेळी एकच. परवा काढायचाय ना? मग नवीन काहीच लावू नका.

यावर बऱ्याच जणी रुसतात. त्यांना वाटतं, हिला सांगायचं नाहीये, पार्लरचं गुपित आहे. गुपित वगैरे काही नाही. सगळं आज सांगते.

मी हिंगोलीत मेकअपची कामं करते. दादाचा फोटो स्टुडिओ आहे, त्याच्या मागच्या खोलीत माझा आरसा आणि दोन खुर्च्या. नवरीचा मेकअप हा वेगळा विषय, तो आज नको. आज फक्त तो एक फोटो, स्टुलावर बसून, मान सरळ करून, कॅमेऱ्याकडं बघून काढलेला. बायोडाट्याचा, फॉर्मचा, पासपोर्टचा, नाहीतर पुण्यातल्या कंपनीत लागलात तर ऑफिसच्या प्रोफाइलचा.

आधी माझी एक चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

काम सुरू करून मला वर्षही झालं नव्हतं. सेनगावकडच्या एका गावातून एक मुलगी आणि तिची आई आल्या. मुलगी डी.एड. झालेली, रंग सावळा, डोळे इतके बोलके की दादा सुद्धा म्हणाला, हिचा फोटो छान येणार. मावशींनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, जरा उजळ करा. दोन जागी नाही म्हणून झालंय." मी म्हटलं, करते ना मावशी. आणि मी काय केलं, तर तिच्या रंगापेक्षा दोन शेड फिकं फाउंडेशन घेतलं, वरून पांढरी पावडर मारली. आरशात बरी दिसली. फ्लॅश पडला आणि फोटोत चेहरा राखेसारखा, कान आणि हात आपल्या मूळ रंगाचे. दादानं कॉम्प्युटरवर कान-हातही उजळ करून टाकले. झालं. मावशी खूश, मी खूश, फोटो गेला व्हॉट्सॲपवर पंधरा-वीस घरांत.

महिन्याभरानं पाहुणे आले. चहा-पोहे झाले आणि मुलाच्या आत्यानं मोबाइल काढला, फोटो उघडला, मुलीच्या चेहऱ्याजवळ धरला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "ही फोटोतली कुठंय?"

हे मला मावशींनीच येऊन सांगितलं. मला बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त विचारत होत्या की आता पुढच्या वेळी अजून चांगलं काय करता येईल. त्यांच्या लेखी चूक फोटोची नव्हतीच, मुलीच्या रंगाची होती. आणि तसं वाटायला मी माझ्या ब्रशनं हातभार लावला होता.

त्या मुलीचं पुढं काय झालं ते नंतर येतंच. आधी कॅमेऱ्याचं बघू.

कॅमेऱ्याला गोरं-काळं कळत नाही. त्याला उजेड कळतो. चेहऱ्यावर तेल असेल तर तिथून उजेड उसळी मारतो आणि पांढरा डाग दिसतो. कातडी कोरडी पडून सालपटं निघत असतील तर त्यांच्या सावल्या पडतात. चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या रंगाची असेल तर तो फरक डोळ्यापेक्षा जास्त ठळक दिसतो. म्हणजे आपल्याला काय हवं, तर चकाकी कमी, कोरडेपणा कमी, चेहरा-मान एकसारखी. बस्. या यादीत गोरेपणा कुठंच नाही.

यावर एक गंमत ऐका, म्हणजे गंमत म्हणायची आणि काय. पूर्वी रोलचे कॅमेरे होते ना, तेव्हा रंगीत फोटो प्रिंट करणाऱ्या लॅबना कोडॅक कंपनी एक नमुना फोटो पाठवायची. त्यात एक गोरी अमेरिकन बाई. तिच्या कातडीचा रंग बरोबर आला म्हणजे मशीन बरोबर लागलं. त्या नमुन्याला शर्ली कार्डच म्हणायचे, शर्ली नावाच्या मॉडेलवरून. 1950 च्या दशकापासून कितीतरी वर्षं हेच माप. मग सावळ्या माणसाचा फोटो काळपट, डोळे-दात तेवढे चमकणारे असा आला, तर दोष कुणाचा? पुढं कंपनीनं फिल्म सुधारली, त्यामागं एक कारण असं सांगतात की चॉकलेटवाले आणि लाकडी फर्निचरवाले तक्रार करत होते, आमच्या मालाचे तपकिरी रंग नीट येत नाहीत म्हणून! आपल्या आजीचा लग्नातला फोटो बघून "आजी किती काळी दिसते" म्हणायच्या आधी हे लक्षात ठेवा.

आता कॅमेरे सुधारलेत. सावळ्या चेहऱ्याला मोठा, पसरट उजेड लागतो, सॉफ्टबॉक्सचा नाहीतर खिडकीचा, आणि दुसऱ्या बाजूला एक पांढरं थर्माकोल धरलं की काम होतं. हे फोटोग्राफरचं काम आहे. ते नीट न करता जो म्हणतो "काळजी नको, नंतर गोरं करून देतो", त्याला हात जोडून सांगा, दादा, उजेड तेवढा नीट लावा.

बरं, आता तयारी. पंधरा दिवस हातात असतील तर खरी मजा आहे. तेव्हा एवढंच करायचं: साधा, कमी वासाचा फेसवॉश दोन वेळा, त्यावर मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. तेलकट चेहरा असला तरी मॉइश्चरायझर लावायचंच. आपल्याकडं बोअरचं पाणी जड. साबणानं तोंड धुतलं की चेहरा ओढल्यासारखा होतो की नाही? त्या ओढलेल्या कातडीवर फाउंडेशन बसत नाही, भेगाळलेल्या शेतासारखं दिसतं. एप्रिल-मेमध्ये तर विचारूच नका.

नवीन काही वापरायचंच असेल तर ते या पंधरा दिवसांच्या सुरुवातीला. आधी कानामागं नाहीतर कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघायचं. खाज, पुरळ काही नाही, मग चेहऱ्यावर.

फेशियल करायचं तर चार-पाच दिवस आधी. आदल्या दिवशी केलं की दुसऱ्या दिवशी पुटकुळ्या, हे मी इतक्या वेळा पाहिलंय. थ्रेडिंग, अप्पर लिप दोन-तीन दिवस आधी, लाली उतरायला तेवढा वेळ लागतो. ब्लीच? माझं मत, नकोच. ब्लीचनं कातडी गोरी होत नाही, चेहऱ्यावरची लव सोनेरी होते. सावळ्या चेहऱ्यावर सोनेरी लव आणि बाजूनं स्टुडिओचा लाइट, काय होईल? गालावर कणसाच्या केसांसारखं चमकतं. दादाला ते एकेक करून पुसायला लागतं आणि तो मला शिव्या घालतो.

लिंबू चेहऱ्यावर चोळू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे चट्टे कितीतरी दिवस राहतात. खाण्याचा सोडा नको, टूथपेस्ट तर नकोच नको. रीलवाल्यांना फोटो काढायचा नसतो, व्ह्यू हवे असतात.

आणि हळद. आता आपण हळदीच्या जिल्ह्यातले. वसमतला हळदीचं संशोधन केंद्र आहे, हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीच्या दिवसांत गाड्यांची रांग लागते, आपल्याला हळदीबद्दल कोण शिकवणार? तरी सांगते. बेसन-हळदीचा लेप तीन दिवस आधी लावा, काही हरकत नाही. आदल्या रात्री लावलात तर फोटोत कावीळ झाल्यासारखं दिसतं, त्यात मागं पांढरा पडदा असला की पिवळेपणा अजून उठून दिसतो. आणि तो साबण-पाण्यानं जात नाही, कारण हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून चुकून लागलीच तर साय नाहीतर खोबरेल तेल हलकं चोळायचं, ओल्या कापडानं पुसायचं, मग फेसवॉश. चुलत बहिणीच्या हळदीला जाऊन दुसऱ्या दिवशी पासपोर्टचा फोटो काढणाऱ्यांसाठी खास ही टिप.

आदल्या रात्री फार काही नाही. खारट कमी खा, लोणचं-पापड एक दिवस राहू द्या, नाहीतर सकाळी डोळ्याखाली सूज. ओठांना तूप लावून झोपा. मोबाइल लवकर ठेवा, हे मी सांगितलं तरी तुम्ही करणार नाही, मीही करत नाही.

आता मुलांनो, तुम्ही पळू नका. हिंगोलीत राज्य राखीव दलाचा गट क्रमांक 12 आहे, त्यामुळं भरतीचं वारं आपल्याकडं कायमच. पहाटे रनिंग करणारी पोरं फॉर्मच्या फोटोसाठी येतात तेव्हा कपाळावर टोपीची रेघ असते, वर गोरं, खाली रापलेलं. मेकअपनं ती झाकायची नाही, पण पंधरा दिवस पळताना सनस्क्रीन लावलं तर रेघ पुसट होते. लाज कसली त्यात? दाढी फोटोच्या आदल्या संध्याकाळी करा, म्हणजे ब्लेडची लाली उतरते. आणि केसांना तेल थापून येऊ नका. तेल कपाळावर उतरतं, फ्लॅश पडला की कपाळाचा आरसा. तुमचा मेकअप म्हणजे एक टिश्यू पेपर आणि लिप बाम. टिश्यू कपाळावर, नाकावर दाबायचा, घासायचा नाही. झाला मेकअप. पैसे पण लागत नाहीत.

हं, आता ज्यासाठी हेडफोन लावायला सांगितलं ते.

ती सेनगावकडची मुलगी. पाहुण्यांच्या त्या प्रसंगानंतर कुणीतरी तिला एक क्रीम दिलं. पांढरी छोटी डबी, वर कंपनीचं नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही, तारीख नाही. "रात्री लावायचं, उन्हात जायचं नाही" एवढीच सूचना. दहा-बारा दिवसांत चेहरा असा उजळला की शेजारच्या बायका विचारायला लागल्या. तीन-चार महिन्यांनी ती माझ्याकडं आली तेव्हा मी ओळखलंच नाही. गाल लालबुंद, कातडी इतकी पातळ की बारीक शिरा दिसत होत्या, हनुवटीवर बारीक पुटकुळ्या, गालांवर लव वाढलेली. ओढणीनं तोंड झाकून आली होती. म्हणाली, "ताई, लावायचं बंद केलं की आग होते, लावलं की बरं वाटतं. सोडू कसं?"

मी मेकअपवाली आहे, डॉक्टर नाही. पण इतकं कळलं की यावर माझ्या डब्यातलं काही लावायचं नाही. तिला म्हटलं, आज फोटो नको, नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरांकडं जा, डबी सोबत ने. डॉक्टरांनी सांगितलं, यात स्टिरॉइड आहे असं लक्षणांवरून दिसतंय.

स्टिरॉइडचं मलम हे वाईट औषध नाही. एक्झिमा, सोरायसिस असल्या आजारांत डॉक्टर ते देतात, मोजून, ठरावीक दिवस. पण चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, लाल होते, आणि सोडलं की भडकते, म्हणून माणूस परत लावतो. हे इतकं वाढलं की 2018 मध्ये सरकारनं अशी 14 स्टिरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी मिळतात. कधी मेडिकलमधून, कधी बिननावाच्या डबीतून. ट्यूबवर बीटामेथाझोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही लिहिलेलं दिसलं, कडेला लाल उभी रेघ दिसली, तर ते औषध आहे, ब्यूटी क्रीम नाही. मैत्रिणीनं दिलं म्हणून लावू नका. आणि आधीच लावत असाल तर घाबरून मनानं काही करू नका. कातडीच्या डॉक्टरला दाखवा, सोडायचं कसं ते ते सांगतात.

दुसरं विष म्हणजे पारा. हो, आपला थर्मामीटरमधला पारा. तो कातडीला रंग देणारं द्रव्य बनूच देत नाही, म्हणून माणूस उजळ दिसतो. पण तो कातडीतून आत जातो आणि किडनीवर बसतो. तुम्हाला वाटेल हे कुठलं तरी लांबचं. हिंगोली डेक्कनला गाडीत बसा, वाशीम गेलं की अकोला. त्या अकोल्यातलं हे. 2023 च्या सुरुवातीला सगळ्या पेपरांत आलं होतं. कॉलेजला शिकणारी एक मुलगी ओळखीच्या पार्लरमधून क्रीम आणून लावायची. रंग उजळला म्हणून आईनं लावलं, बहिणीनं लावलं. तिघींच्याही किडनीला त्रास झाला. मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये तपासणी झाली, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. एका घरातल्या तीन बायका. कारण काय, तर एकीला फरक पडलेला दुसरीनं पाहिला.

कायद्यानं क्रीममध्ये चुकूनमाकून पारा आलाच तर दहा लाख भागांत एक भाग, त्याच्या वर चालत नाही. पण बिननावाच्या डबीला कुठला कायदा? तुम्ही काय बघायचं ते सांगते. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, तारीख, आतल्या घटकांची यादी. यातलं एक जरी नसेल तर घेऊ नका. यादीत मर्क्युरी, मर्क्युरस, कॅलोमेल असला शब्द असेल तर नकोच. आणि "सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका" अशी सूचना असेल तर सरळ कचऱ्यात टाका. पारा सोन्याला चिकटतो म्हणून ती सूचना असते. जे अंगठीला चालत नाही ते गालाला कसं चालेल?

एका कंपनीनं आपल्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून "फेअर" काढून 2020 मध्ये "ग्लो" केलं, त्याच वर्षी शादी डॉट कॉमनं रंगावरून स्थळ शोधायची सोय काढून टाकली. आपल्या बायोडाट्यात मात्र "रंग" हा रकाना अजून आहे. मी दादाला म्हटलं, आपण टाइप करून देतो त्यातून तो काढून टाक. तो म्हणाला, गिऱ्हाईक परत टाकायला सांगतं. मग आम्ही असं केलं, आम्ही देतो त्या नमुन्यात तो रकाना नाही. सांगितला तर टाकतो. निम्मे लोक सांगतच नाहीत, त्यांच्या लक्षातही येत नाही.

त्या मुलीला सावरायला सात-आठ महिने गेले. मधे फोनवर बोलायची. कधी चेहरा भडकला की रडायची. या मधल्या काळात एका आश्रमशाळेत जागा निघाली, त्या अर्जाला फोटो हवा होता. म्हणून ती परत आली, यावेळी आई नव्हती, एकटीच. त्या दिवशी काय-काय केलं तेच सांगते, म्हणजे तुम्हाला मेकअपचा भाग पण कळेल.

डॉक्टरांनी साधा मेकअप चालेल असं सांगितलं होतं, तेवढं आधी विचारून घेतलं. तिनं तोंड धुतलं, तिचंच मॉइश्चरायझर लावलं आणि आम्ही वीस मिनिटं चहा प्यायलो. ही वीस मिनिटं फार महत्त्वाची, मॉइश्चरायझर जिरायला हवं. ओल्या चेहऱ्यावर फाउंडेशन लावलं की ते सरकतं.

शेड बघायला मी तिला दुकानाच्या दारात उभं केलं, उजेडात. मनगटावर शेड बघू नका, मनगट उन्हात जात नाही. जबड्याच्या कडेला तीन रेघा ओढायच्या आणि जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची. दहा मिनिटं थांबायचं, काही फाउंडेशन हवा लागून जरा गडद होतात. तिला जी शेड बसली ती मी पहिल्या वेळी वापरली त्यापेक्षा दोन नंबर गडद. ती बाटली माझ्याकडं तेव्हाही होती. उघडलीही नव्हती.

फाउंडेशन अगदी पातळ, ओल्या स्पंजनं थापटून, कानापर्यंत आणि मानेवर उतरवलेलं. डोळ्याखाली काळं होतं तिथं आधी नारिंगी करेक्टर किंचित, मग कन्सीलर. आपल्या रंगावर थेट फिकं कन्सीलर लावलं की राखाडी दिसतं, नारिंगीनं तो काळेपणा मारला जातो. पावडर फक्त कपाळ, नाक, हनुवटी. आणि पावडर रंगाची. ती पांढरी बारीक पावडर येते ना, आरशात दिसत नाही पण फ्लॅशमध्ये पीठ सांडल्यासारखी दिसते. पांढरट सनस्क्रीनचंही तेच, त्यातलं झिंक आणि टायटॅनियम उजेड परत फेकतं. एरवी सनस्क्रीन रोज लावा, फक्त फ्लॅशच्या फोटोआधी धुऊन टाका.

घरी तपासायचा सोपा उपाय आहे. मेकअप झाला की खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढा. चेहरा मानेपेक्षा पांढरा दिसला तर आत्ताच पुसा. माझ्या त्या पहिल्या दिवशी मी हे एक मिनिटाचं काम केलं असतं तर!

काजळ तिला हवं होतं. खालच्या पापणीच्या आत भरून लावलं तर फोटोत डोळे लहान दिसतात, म्हणून वरच्या पापणीला पातळ रेघ, खाली फक्त बाहेरच्या कोपऱ्यात. गालावर लाली आरशात वाटते त्यापेक्षा किंचित जास्त, कारण लाइट चेहरा सपाट करतो. लिपस्टिक तिच्या ओठांच्या रंगाची, चमक नसलेली. टिकली रोजची, साधी. चमकीची, खड्याची टिकली नको, तिच्यावर फ्लॅश फुटतो. हिरवी ओढणी होती ती काढून माझी निळी दिली, कारण हिरव्या-पिवळ्या कपड्याचा रंग खालून हनुवटीवर येतो.

गालावर थोडी लाली अजून होती. ती मी पूर्ण झाकली नाही. झाकायला जाड थर लागला असता.

दादानं फोटो काढले, कॉम्प्युटरवर उघडले आणि सवयीनं उजेड वाढवायला माऊस हलवला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "भाऊ, तसाच राहू द्या." फक्त मागच्या पडद्यावरची एक घडी काढली. फॉर्मच्या फोटोत यापेक्षा जास्त काही करूच नये. परीक्षेच्या, मुलाखतीच्या जागी फोटो आणि तोंड ताडून बघतात. तुमच्या मोबाइलचा ब्यूटी मोड आपोआप चालू असतो, सेटिंगमध्ये जाऊन आधी तो शून्यावर आणा, नाहीतर मोबाइलच तुमचं नाक बारीक करून ठेवतो.

आत्याबाईंसमोर जे झालं तेच तिच्याबाबतीत नोकरीच्या टेबलासमोर झालं नाही. कागद तपासणाऱ्यानं फोटो बघितला, तिच्याकडं बघितलं आणि पुढचा कागद मागितला. हे तिनं मला फोन करून सांगितलं, हसत होती. जागा तिला मिळाली की नाही? प्रतीक्षा यादीत आहे अजून. बायोडाट्याला पण तोच फोटो लावलाय. मावशी अजून थोड्या नाराज आहेत.

दोन-तीन प्रश्न राहिलेत, पटकन घेते. चष्मा: पासपोर्टच्या फोटोला काढावा लागतो, बाकी फॉर्मच्या सूचना वाचून मगच या. बायोडाट्याला ठेवा, दांड्या कानावर किंचित वर उचलल्या की काचेतली चमक जाते. पांढरा शर्ट: मागं पांढरा पडदा असेल तर नको, मुंडकं हवेत तरंगतं. फोटोच्या दिवशी सकाळीच नाकावर पुटकुळी आली तर? फोडायची नाही. फडक्यात बर्फ गुंडाळून दोन मिनिटं धरा, वर थोडं कन्सीलर. पुटकुळीचा डाग दादा काढून देतो, पुटकुळी तात्पुरती असते. तीळ मात्र काढत नाही, तीळ तुमचा आहे.

कुणाकडं बिननावाची डबी असेल तर तिचा फोटो मला पाठवू नका, मी तपासू शकत नाही. डबी घेऊन डॉक्टरकडं जा.

बाहेर गिऱ्हाईक आलंय, दादा हाक मारतोय. पुढच्या भागात केसांचं बोलू. आणि हो, स्टुडिओत येताना टिश्यू पेपर घरून आणा, आमच्याकडचे पोरांनी संपवलेत.